बोटुकलीचं हिरवं पाणी

तुम्ही खोटं बोललात, साहेब. शिक्क्याच्या शाईत बुडवून, सहीच्या वेलांटीत गुंडाळून खोटं बोललात. आणि तुमचं खोटं हिरवं होतं.

कोवळं, केशरकांती ऊन खिडकीच्या गजांवर चढत होतं. प्रयोगशाळेच्या फळीवर काचेचे चंबू, आणि चंबूंत श्वास घेणारं शेवाळ: सूक्ष्म, सूर्यपायी, पाचूच्या कणाकणांचं. तुमच्या हाताखालच्या हेमांगीनं ते आपल्या माहेरच्या तळ्यातून आणलेलं. मूळ बाटलीला तिथं सगळे ‘आई’ म्हणत. आईतला थेंब चंबूत सोडायचा, वर कारखान्याचं रसायन. शेवाळ वाढलं तर रसायन निर्धोक. मेलं, तर तळ्यात सोडायला मनाई. एवढीच परीक्षा.

पण रसायनच हिरवं होतं. मोहक, मोरपिशी, मायावी हिरवं. रंगाच्या गडदपणावरून वाढ मोजणारं यंत्र भोळं बिचारं. त्याला रंग कळतो, जीव कळत नाही. हेमांगीनं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. रिकाम्या पेशी. दारं सताड, दिवे विझलेले, ओसाड, ओसाड घरं.

“साहेब, शेवाळ मेलंय. हा रंग रसायनाचा.”

तुम्ही चंबू उन्हात धरलात आणि हसलात. “अहो बाई, चष्मा बदला! एवढं हिरवंगार कधी मेलेलं असतं होय?”

आणि शिक्का हाणलात.

रसायन त्याच तळ्यात उतरलं. तळं हिरवं झालं. नितळ, निःशब्द, नीलहरित.

आता आम्हा भोयांची, मासे धरणाऱ्यांची, रीत ऐका. पाणी हिरवं झालं म्हणजे पिल्लांचं अन्न आलं. मग तळ्याची ओटी भरायची आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, पाण्यात सोडायची. हेमांगीची आई कौसा काठावर उभी राहिली, हरखली. लेकीला फोन लावला.

“हेमे, तळ्याला दिवस गेलेत बघ! तू मोठी शेवाळ शिकलेली, पण असलं हिरवं बघितलं नसशील!”

“आये, थांब! बोटुकली सोडू नको. ते शेवाळ नाही!”

“सोडली की गं. साऱ्या आळीनं सोडली. ओटीबी भरली.”

दुपार कलली तशी ती पिल्लं वर आली. रुपेरी, रेशीमपोटी, इवली इवली. काठाच्या उथळात, ओटीच्या तांदळांवर येऊन निजली. पांढऱ्यावर पांढरी. तांदूळ कुठला, पोट कुठलं, ओळखू येईना. आता जाळी कशात टाकायची, हे आळीत कुणी कुणाला विचारलं नाही.

कौसानं हात घासले, राखेनं घासले, वाळूनं घासले. रेषारेषांतलं हिरवं जाईना. “या हातानं सोडली गं मी,” एवढंच ती म्हणत राहिली.

हेमांगी तुमच्या टेबलाशी आली. दोन पेले ठेवले. एकात त्या ‘आई’चं पाणी; तळ्याचं जितं शेवाळ आता त्या बाटलीएवढंच उरलेलं. दुसऱ्यात तळं. दोन्ही हिरवे, दोन्ही सुंदर, दोन्ही उन्हात झळझळणारे.

आमची कौसा रंगावर भुलली, साहेब. तिच्या सात पिढ्यांना हिरव्यानं कधी फसवलं नव्हतं. तुम्हाला तर सांगितलं होतं. तोंडावर सांगितलं होतं.

पंख्याकडे काय बघता? पेल्यांकडे बघा. यातला जिवंत कोणता, बोला. आणि जो जिवंत म्हणाल, तो आमच्यादेखत प्या.