रातिद्झोच्या डोक्यातला झिजलेला सांधा

मी एक जुना सांधा आहे. हाडांचा नव्हे, मेंदूतल्या दोन पेशींमधला. मडकी घडवणाऱ्या रातिद्झोच्या डोक्यात माझा जन्म झाला. ती सात वर्षांची असताना आईने तिच्या पहिल्या मडक्याचे कौतुक केले आणि मी अंकुरलो. मातीला हात लागला की मनाला हुरूप पोचवायचा, हे माझे काम. फुशारकी मारत नाही, पण ते मी चोख करत होतो.

मित्रांनो, थोडा ताण मला मानवतो. मडकी घाईने भाजायची असली की मी जास्तच तरतरीत. पण रातिद्झोचा मुलगा जोहान्सबर्गला कामाला गेला आणि त्याचा निरोपच येईना. दीड वर्ष ताणाचा रस मेंदूत झिरपत राहिला. ज्या बारीक काट्यांनी मी निरोप झेलतो, ते गळू लागले. भीतीच्या भागातला सांधा मात्र त्याच रसावर गलेलठ्ठ झाला. मला त्याचा फार राग येई. रातिद्झो बोलेनाशी, जेवेनाशी झाली.

नवरा गारिकाई मायाळू. त्याने तिची माती उचलून ठेवली आणि साहविरा तारिसाईलाही दारात अडवले. आमच्याकडे साहविरा म्हणजे घराण्याची मैत्रीण. घरात कुणाचीही, अगदी मयतीतसुद्धा, थट्टा करण्याचा मान तिचा.

"तारिसाई, आता थट्टा नको. तिला आराम करू दे."

त्या आरामानेच मी मरायला टेकलो होतो, कारण माझ्याकडे काही येतच नव्हते.

"तुझ्या बापाच्या मयतीत मी त्याची टोपी घालून त्याच्यासारखी लंगडले, तेव्हा हसलास ना?" तारिसाई म्हणाली. "सर बाजूला."

तिने रातिद्झोसमोर फतकल मारून एक मडके थापले. "बघ बाई, अगदी तुझ्यासारखं घडवलंय. तोंड एकीकडे, ढुंगण एकीकडे."

रातिद्झो हसली नाही. पण तिचा हात पुढे आला आणि तिने काठ सरळ केला. मला अर्धामुर्धा निरोप मिळाला. मी जिवाच्या आकांताने तो पुढे ढकलला.

तारिसाई रोज येत राहिली. गारिकाईने रातिद्झोला दवाखान्यात नेले, गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत मला नवे काटे फुटले. मुलाचा निरोप अजून नाही, आणि भीतीचा तो गलेलठ्ठ सांधाही पुरता वाळलेला नाही. पण परवा रातिद्झो म्हणाली, "तारिसाई, तुझं मडकं जाळात ठेवू नकोस. जाळ लाजेल." तो टोमणा माझ्यातूनच गेला. मला फार आनंद झाला.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी असे गप्प झाले, तर मायेपोटी त्याच्या हातचे काम काढून घेऊ नका. त्याच्याशेजारी बसा, आणि उद्याही या. आम्हाला एका दिवसात वाढता येत नाही. पण वाढता येते.