तज्ज्ञाने निवडलेला डबा

घरात त्याला सगळे ‘तज्ज्ञ’ म्हणायचे. हे नाव त्याच्या बायकोने ठेवलं होतं आणि त्यातली खोच त्याला सोडून सगळ्यांच्या लक्षात आली होती. त्याला ते पदवीसारखं वाटायचं.

नोकरी लिफ्ट तपासनिसाची. इमारती हिंडायच्या, लिफ्टचे दोर, ब्रेक, दरवाजे बघायचे, ती किती माणसांचं ओझं पेलेल ते ठरवायचं आणि सही ठोकायची. त्या कामात तो चोख होता, हे कबूल केलंच पाहिजे. कुणी कितीही गोड बोललं, तरी वजन घालून बघितल्याशिवाय त्याने कधी सही केली नाही. पण घरी आला, की हा चोखपणा बुटांबरोबर दारातच राहायचा आणि तो कॉम्प्युटरवर बोलायला लागायचा.

कॉम्प्युटरचं सगळं ज्ञान त्याने व्हिडिओ बघून कमावलं होतं. माणसं खोकी उघडतात, आतल्या वस्तूवरून हात फिरवतात, “काय सुंदर बांधणी आहे!” म्हणतात आणि पुढचं खोकं ओढतात, असे ते व्हिडिओ. ते बघायला त्याच्याकडे टेबलाखाली एक धिप्पाड कॉम्प्युटर होता. एका बाजूला काच, काचेमागे जांभळे-हिरवे दिवे, आत गरगरणारे पंखे. हा त्याने “जड कामांसाठी” घेतला होता. जड काम अजून यायचं होतं. तोवर तो त्यावर बातम्या वाचायचा, पत्ते खेळायचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरांचे व्हिडिओ बघायचा.

त्याची मोठी बहीण लोकांच्या स्वयंपाकघरांची आखणी करायची. घरातलीच एक खोली तिने कामासाठी ठेवली होती. भिंतीला टेकून लाकडी फळ्यांचे तुकडे, खिडकीत बिजागऱ्यांचे आणि मुठींचे नमुने, दोरीत ओवलेल्या रंगीत पट्ट्या. गिऱ्हाईक आलं, की ताई त्याला समोर बसवून पडद्यावर त्याचं स्वयंपाकघर उभं करायची. ओटा किती उंच, कपाटाचं दार उघडलं की कुणाच्या कपाळावर आपटेल, खिडकीतला उजेड सिंकपर्यंत पोचतो का, सगळं फोटो काढल्यासारखं दिसायचं. तिचा जुना कॉम्प्युटर एके दिवशी धूर सोडून गेला, तेव्हा तिने भावाला फोन केला. ती चूक तिचीच.

“तू काळजीच करू नकोस,” तज्ज्ञ म्हणाला. “मी बघून ठेवलाय.”

“अरे, पण माझं काम...”

“तुझं काम मला माहीत नाही का? रेषा ओढायच्या आणि रंग भरायचे.”

त्याने बघून ठेवलेला कॉम्प्युटर म्हणजे हातात मावेल एवढा एक डबा होता. साबणाच्या दोन वड्या एकमेकींवर ठेवल्या तर साधारण तेवढाच. एका व्हिडिओत एका दाढीवाल्याने तो कोटाच्या खिशात घालून दाखवला होता आणि तज्ज्ञाचा जीव त्या खिशातच अडकला होता. स्वतःसाठी घ्यायला काही कारण सापडत नव्हतं. बहिणीचा कॉम्प्युटर जळला हे ऐकून त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्या वाईटाच्या बुडाशी थोडा आनंदही होता.

डबा आला त्या दिवशी तो स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर झाला. त्याने डबा पडद्याच्या पाठीमागे स्क्रूंनी बसवला, मग तो दोन पावलं मागे सरकला आणि त्याने हात पसरले.

“कुठे आहे कॉम्प्युटर? दिसतो का? दिसतच नाही!”

ताईलाही पहिल्या दिवशी आवडला. टेबल मोकळं झालं, खोलीतली घरघर गेली. तिने पत्रं लिहिली, दरपत्रक बनवलं, सगळं सुरळीत झालं. मग तिने स्वयंपाकघराचा प्रोग्रॅम उघडला.

खरं म्हणजे उघडायला सांगितला. डब्याने ते ऐकलं आणि तो विचारात पडला. पडद्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. बऱ्याच वेळाने प्रोग्रॅमची चौकट आली, मग तिच्यातली चित्रं एकेक करून, लग्नाला उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसारखी. ताईने एक कपाट उचलून दुसऱ्या भिंतीला लावलं. कपाट जागेवरच राहिलं. तिने पुन्हा उचललं. आता दोन्ही हालचाली एकदम झाल्या आणि कपाट भिंत फोडून शेजारच्या खोलीत गेलं.

“नवीन आहे, रुळू दे जरा,” तज्ज्ञ फोनवर म्हणाला.

आठवडाभराने तो म्हणाला, “गरम होत असेल. पंखा लाव.” ताईने टेबलपंखा आणून डब्यावर रोखला. पंखा डब्याच्या पाचपट मोठा होता. पुन्हा घरघर सुरू झाली आणि रंगाच्या पट्ट्या खोलीभर उडायला लागल्या.

मग तो म्हणाला, “बाकीचं सगळं बंद ठेव. गाणी नकोत, पत्रं नकोत. आणि तो काम करत असताना माऊस हलवू नकोस. त्याचं लक्ष विचलित होतं.”

“म्हणजे मी काय करायचं?”

“उठायचं, फिरायचं, पाणी प्यायचं. एका जागी बसून बसून किती पाठदुखी होते लोकांना! तुला तर यानं सक्तीची विश्रांती मिळतेय.”

ताई ऐकायची. भाऊ म्हणून नव्हे, तो एवढ्या ठाम आवाजात बोलायचा की आपलंच काही चुकत असेल असं तिला वाटायचं. ती चित्र बनवायला लावून कपडे वाळत घालायला जायची, परत येऊन बघायची, मग कुंड्यांना पाणी घालायची. कुंड्या तेवढ्या तजेलदार झाल्या.

अशात एक मोठं काम आलं. एक दातांच्या डॉक्टरीणबाई नव्या घराचं स्वयंपाकघर करून घेणार होत्या आणि बघायला सासूबाईंना घेऊन येणार होत्या. ताईने दोन दिवस खपून चित्रं तयार करून ठेवली, म्हणजे आयत्या वेळी डब्याला विचार करावा लागू नये. तज्ज्ञाला हे कळलं तेव्हा तो अर्धी रजा टाकून आला. कुणी बोलावलं नव्हतं.

“आधी मशीनची ओळख करून देतो,” तो पाहुण्यांना म्हणाला आणि पडदा फिरवून त्यांना डब्याची पाठ दाखवली. डॉक्टरीणबाई “वा” म्हणाल्या. सासूबाईंनी विचारलं, “हे स्वयंपाकघरात बसवायचंय का?”

तयार चित्रं झकास उमटली. फिकट निळी कपाटं, लांबलचक ओटा, खिडकीतून उजेड. दोघी खूश झाल्या. आणि मग डॉक्टरीणबाईंनी, कुठलंही गिऱ्हाईक विचारतं तेच विचारलं.

“हीच कपाटं पांढरी केली तर कशी दिसतील?”

ताईने भावाकडे बघितलं. भावाने मान हलवली, “कर की.” तिने रंग बदलला. चक्र फिरायला लागलं.

फक्त टेबलपंखा बोलत होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात छताचा एक चौकोन उमटला. मग शेजारचा.

“छान आहे छत,” डॉक्टरीणबाई सभ्यपणे म्हणाल्या.

आणखी एक चौकोन आला. सासूबाईंना रिकामं बसवेना. त्या सुनेला म्हणाल्या, “मघाशी बघितलं ना, तो ओटा जरा उंच वाटला गं. माझ्या छातीपर्यंत येईल.”

“आई, तो माझ्या उंचीने केलाय. तुम्हाला आता कुठे उभं राहायचंय? आराम करा की.”

“म्हणजे? मला स्वयंपाकघरातून काढलं का?”

“असं कुठे म्हटलं मी?”

“वेगळ्या शब्दांत म्हटलंस.”

एरवी हे बोलणं झालंच नसतं. चित्र आलं असतं, रंगावर वाद झाला असता, दोघी चहा पिऊन गेल्या असत्या. पण डब्याने दोघींना एवढा निवांत वेळ दिला होता, की घरात वर्षानुवर्षं न बोललेलं सगळं एकेक चौकोनागणिक वर यायला लागलं. वरची कपाटं उमटेपर्यंत विषय जुन्या घरातल्या भांड्यांवर गेला. चिमणी दिसेपर्यंत डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले.

“याचा प्रोसेसर विजेची फार बचत करतो,” तज्ज्ञ मधेच म्हणाला.

दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं होतं.

तो गडबडला. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने ताईच्या हातातून माऊस घेतला. “मागे काहीतरी चालू असणार. मी बंद करतो, लगेच पळेल बघ.” त्याने एक बटण दाबलं. काही झालं नाही. आणखी दाबलं. डब्याने साठवून ठेवलेल्या सगळ्या आज्ञा एकदम पाळल्या आणि प्रोग्रॅम मिटून गेला. निळी कपाटं, पांढरी कपाटं, ओटा, दोन दिवसांचं काम. पडद्यावर फक्त एका डोंगराचं चित्र उरलं. ते मात्र एकदम स्पष्ट होतं.

“आम्ही घरी बोलून कळवतो,” डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. सासूबाई आधीच दारात पोचल्या होत्या.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. तिने पंखा बंद केला, उडालेल्या पट्ट्या गोळा केल्या आणि विचारलं, “तू हा स्वतःसाठी का नाही घेतलास?”

“माझी गरज वेगळी आहे.”

“लिफ्टसुद्धा अशाच पास करतोस का? दाराचा रंग बघून?”

हे त्याला लागलं. रस्ताभर तो मनातल्या मनात तिला उत्तरं देत गेला आणि प्रत्येक उत्तर वरून चांगलं दिसायचं, आत वजन पडलं की खचायचं. लिफ्टमध्ये तो पोती भरून बघायचा. बहिणीला मात्र काय लागतं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. घराचं दार उघडेपर्यंत ते त्याने परत ध्यानाबाहेर काढलं.

सुट्टीच्या दिवशी ताई डबा पिशवीत घालून त्याच्याकडे आली. “हा तुझा तू ठेव. मी दुसरा बघते.”

“घाई करू नकोस,” तज्ज्ञ म्हणाला. “डबा उत्तमच आहे. कुणालाही पुरेल. वापरणाऱ्याला थोडी शिस्त हवी.”

त्याची बायको आतून हात पुसत बाहेर आली. “कुणालाही पुरेल?”

“कुणालाही.”

“तुम्हालाही?”

इथे त्याने थांबायला हवं होतं. पण समोर बहीण होती, शब्द ठाम आवाजात गेला होता. “मलाही,” तो म्हणाला.

“मग झालं तर,” बायको म्हणाली. “ताई, तुम्ही आमचा मोठा घेऊन जा. इथे नुसता पाय शेकायला आहे.”

“अगं, तो जड कामांसाठी आहे!”

“म्हणूनच म्हणते. जड काम ताईंकडे आहे. तुमच्याकडे पत्ते आहेत.”

त्याने वाद घातला. दिवे ताईच्या खोलीला शोभणार नाहीत म्हणाला. वायरी वेगळ्या लागतील म्हणाला. शेवटी इतका मोठा कॉम्प्युटर खाली न्यायचा कसा, असं विचारलं. बायकोने त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टवरच्या त्याच्याच सहीची त्याला आठवण करून दिली. मग त्याने तो धिप्पाड कॉम्प्युटर स्वतःच उचलून खाली नेला, टॅक्सीत ठेवला आणि सीटचा पट्टाही बांधला.

ताईकडे दिवे लागले. तिला ते मुळीच आवडले नाहीत, काचेवर तिने एक रुमाल टाकला. पण कपाट उचललं की कपाट जायचं. काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई एकट्याच आल्या, बसायच्या आधीच म्हणाल्या, “ओटा खाली घेऊन दाखवा.” ताईने दाखवला. त्या म्हणाल्या, “थोडा वर.” तो वर गेला. “हं. एवढा चालेल दोघींना.” घरी काय बोलणं झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, ताईनेही विचारलं नाही. काम मिळालं.

तज्ज्ञाने इकडे डबा आपल्या टेबलावर मांडला. पहिले काही दिवस त्याने डोळ्यांत तेल घालून त्याच्या चुका शोधल्या. अडकला की बायकोला बोलावून दाखवायचं, असं त्याने ठरवलं होतं. बातम्या उघडल्या, उघडल्या. व्हिडिओ लावले, लागले. पत्ते तर जुन्यापेक्षा बरे दिसले. डबा एकदाही अडकला नाही, तापला नाही. त्याने मुद्दाम दोन-तीन व्हिडिओ एकदम लावून बघितले, तेवढंही त्याला झेपलं. अपमान होता तो हाच. जो डबा बहिणीच्या कामापुढे गुडघे टेकत होता, तो याच्या सबंध आयुष्याला पुरून उरत होता.

पुढे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, “ते छोटे डबे आलेत ना, घ्यावा का रे? तू तर जाणकार.”

तज्ज्ञाने सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, “तुझं काम काय असतं त्याच्यावर?”

“खूप असतं,” सहकारी छाती पुढे काढून म्हणाला.

“मग नको घेऊस.”

“पण तुझ्याकडे तोच आहे म्हणतात. कसा चालतो?”

“छान चालतो,” तज्ज्ञ म्हणाला आणि टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधायला लागला.