गोडाच्या डब्याला भोक

दिवाळीपासून मी चिन्यांचं गोड करतेय आणि अजून एकही चिनी माणूस समोरासमोर पाहिलेला नाही. किकवीला हायवेच्या आतल्या बाजूला माझं छोटं युनिट आहे. मोदकाची पिठी, भाजणी, नाचणीचं सत्त्व. पुण्यातल्या दुकानांना माल जायचा, बरं चाललं होतं. मग ही शेफाली आली, ट्रेकवाल्यांना तयार खाणं विकणारी पुण्याची पोरगी.

"माधुरीताई, आपोआप गरम होणारं चायनीज डेझर्ट," ती म्हणाली. "गॅस नको, वीज नको. ट्रेकवाल्यांना तोरण्यावर बसून गरमागरम गोड खाता येईल."

मी म्हटलं, "गडाखाली गरम पिठलं-भाकरी मिळते की." ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

म्हणजे काय, तर चिकट तांदळाच्या पिठीच्या गोळ्या, आत काळ्या तिळाचं सारण, आणि त्या आल्याच्या गोड पाण्यात सोडायच्या. नाव टांग-युआन. आमच्या बायकांनी त्याचा पहिल्याच दिवशी टांगा केला. "ताई, आज किती टांगे जुंपायचे?" हसत सुटायच्या नुसत्या. डबा दोन कप्प्यांचा. खालच्या कप्प्यात कळीच्या चुन्याची पुडी असते. तिच्यावर गार पाणी ओतायचं, वरचा कप्पा ठेवायचा, झाकण लावायचं. चुना खदखदतो, वाफ धरते, वरचं गोड गरम होतं. झाकणाला एक बारीक भोक असतं, जास्तीची वाफ जायला. इतकं सोपं. ऐकायला.

करायला घेतलं आणि माझा जीव मेटाकुटीला आला. आपल्या इंद्रायणीच्या पिठीच्या गोळ्या फुटायच्या. मग आसामकडून तांदूळ मागवला, तर त्या दगड व्हायच्या. ते जमलं तर सारण गळायचं. आणि दर वेळी शेफालीचा फोन, "ताई, अजून थोडं गोड कमी." अगं बाई, गोडच करतोय ना आपण? रात्री डोळे मिटले की मला पांढऱ्या गोळ्या दिसायच्या. नवरा म्हणाला, सोड ना. सोडू कसं? माझ्याकडच्या बायका आधी शिरवळच्या कंपन्यांत जायच्या, उभं राहून पाय सुजायचे. हे काम लागलं तर त्यांना वर्षभर इथंच बसून काम मिळणार होतं. ते सगळं तोरण्याखाली वेल्ह्याला व्हायच्या चाचणीवर अडलं होतं. तिथं शेफाली ट्रेकवाल्यांच्या एका ग्रुपला डबे खायला देणार आणि त्याच दिवशी ऑर्डर पक्की करणार.

चाचणीचे डबे गीताबाईंनी भरले. गीताबाई मार्गासनीकडच्या बुद्धवाडीतल्या, पन्नाशी उलटलेली बाई. दोन एसट्या बदलून येतात, पण कधी उशीर नाही. गोळी वळायची, सारण भरायचं, डबा बंद करायचा, सगळं त्यांच्या हातचं. कुणी हात न धुता पिठाला शिवलं तर तिची खैर नाही. मला म्हणाल्या, "ताई, मी येनार येल्ह्याला. माझ्या हातचं लोक कसं खात्यात, बघू दे की जरा."

सकाळी धनाजीच्या टेम्पोतून निघालो. गीताबाईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. मी सारा रस्ता डुलक्या काढत होते, त्या मात्र मांडीवरचा डबा सांभाळत ताठ बसून होत्या.

तोरण्याच्या पायथ्याला पोरंपोरी जमली होती. शेफालीने एक डबा घेतला, खाली पाणी ओतलं, झाकण दाबलं आणि मोबाईल काढून पोरांना म्हणाली, "जवळ या, वाफ कशी येते बघा."

वाफ येईना. मी पाहतेय, झाकण फुगतंय. आधी वाटलं, झोप अपुरी म्हणून मलाच तसं दिसतंय. मग आतून कुरकुर ऐकू आली. मी "मागं व्हा!" म्हणून ओरडले आणि डबा हाताने पलीकडे ढकलला. ढकलता ढकलताच तो फुटला. झाकण उडालं, चुन्याचं उकळतं पाणी माझ्या मनगटावर आलं, आणि चिन्यांच्या गोळ्या तोरण्याच्या वाटेवर घरंगळत गेल्या. एक पोरगी किंचाळली. तिला काही लागलं नव्हतं. देवाची कृपा, दुसरं काय म्हणायचं?

शेफालीने झाकण उचलून पाहिलं. भोकावर चिकटपट्टी. दुसरा डबा पाहिला, तिसरा पाहिला. प्रत्येक भोकावर पट्टी, कात्रीने कोपरे गोल कापून, नीट बसवलेली.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं," गीताबाई म्हणाल्या. घाबरल्या नव्हत्या, त्यांना कळतच नव्हतं काय झालं ते. "गोडाच्या डब्याला भोक ऱ्हायलं व्हतं ना. रातभर मुंग्या शिरल्या असत्या. म्हनलं, पुन्याच्या मान्सांला मुंग्या घातलेलं कसं द्यायचं?"

खरं सांगते, क्षणभर मला हसूच आलं. आमच्याकडे गोडाचा डबा उघडा राहिला तर सासू शिव्या घालते. भोकाचं काम मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण गीताबाई त्या दिवशी पिठीच्या गिरणीवर गेल्या होत्या. त्यांना वेगळं सांगायचं माझ्या थकलेल्या डोक्यातून निसटलं.

शेफाली मला बाजूला घेऊन गेली. माझ्या मनगटावर बाटलीतलं गार पाणी सोडत म्हणाली, "ताई, त्या पोरीचा चेहरा भाजला असता. मला धंदाच बंद करावा लागला असता. ऑर्डर मी थांबवत नाही, पण त्या बाई फूडवर नकोत. दुसरं काही काम द्या त्यांना. साफसफाई वगैरे."

ती चुकीचं बोलत नव्हती. हाताची आग होत होती. मला फक्त घरी जाऊन पडायचं होतं. मी म्हटलं, "बरं."

परतीच्या वाटेवर टेम्पोतच सांगून टाकलं. म्हटलं, एकदाचं उरकू. "गीताबाई, उद्यापासून तुम्ही डब्यांचं बघू नका. पिठालाही हात नको. अंगण झाडायचं, भांडी, साफसफाई. पगार तोच राहील, त्याची काळजी करू नका."

मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकारच करतेय. नोकरी वाचवली की!

फुटलेला रिकामा डबा त्यांच्या मांडीवर होता, तो त्यांनी पदराने पुसला. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या हातचं नको."

"तसं नाही हो. चूक झाली म्हणून—"

"चूक झाली, ती म्या कबूल केली. मला भोकाचं सांगा, मी ते उगडं ठिवीन. पन तुमी माझ्या हातात खराटा देताय, ताई." आवाज चढला नव्हता. "माझी आय गावात अंगनं झाडायची. जलमभर झाडली. भाकर मिळायची ती वरनं, हात न लावता पदरात टाकलेली. सैपाकघराचा उंबरा तिनं कदी बघितला न्हाई. मी तुमच्याकडं लागले तवा घरात सांगितलं, मी पीठ मळते, गोड करते, आन् मोठी मोठी मान्सं माझ्या हातचं खात्यात. आय असती तर तिला हितं आनून दावलं असतं."

धनाजीने टेम्पोचा वेग कमी केला.

मला लाज वाटली. अशी वाटली की हाताची आग कळेना. इतकी वर्षं ही बाई माझ्याकडे येते आणि मी, पाटलाघरची सून, तिला सहज म्हणते, पिठाला हात नको, अंगण झाडा. माझ्या मनात तसं नव्हतं, हे खरं. पण मनात काय होतं ते तिच्या पदरात थोडंच पडतं? पडतो तो खराटाच.

मी मोबाईल काढला आणि शेफालीला लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "गीताबाई डब्यांवरच राहतील," मी म्हटलं. "भोकाचं मी सांगायला चुकले. प्रत्येक डबा मी स्वतः तपासून पाठवीन. पण त्यांना मी बाजूला काढणार नाही."

ती पलीकडून वैतागली. साहजिक आहे. म्हणाली, "ताई, मग मला विचार करावा लागेल. उद्या कळवते."

मार्गासनीचा थांबा आला. गीताबाई उतरल्या नाहीत. रिकामा डबा मांडीवर तसाच.

"ती काय म्हनली?"

"उद्या कळवते म्हणाली."

"आन् नगं म्हनली तर?"

मी म्हणणार होते, बघू. थकलं की मी सगळ्यांना तेच म्हणते आणि लोक गप्प बसतात.

"उद्याचं न्हाई," गीताबाई म्हणाल्या. "ती नगं म्हनली तर तुमी काय करनार, ते आज सांगा. मंग मी उतरते."

मला त्या सगळ्या बायका दिसल्या. शिरवळची बस, सुजलेले पाय. त्यांना मी काय सांगणार होते? एका बाईसाठी सगळ्यांचं काम घालवलं? दिवाळीपासूनचा सगळा शीण माझ्या अंगावर एकदम आला.

"तुम्ही पिठावरच," मी म्हटलं. "ऑर्डर गेली तर गेली. बाकीच्या बायकांना मी तोंड देईन."

"त्यास्नी माझ्याम्होरं सांगा," त्या म्हणाल्या. "मला बी ऐकू दे."

पदर खोचून त्या खाली उतरल्या. आभार मानले नाहीत. कशाबद्दल मानायचे होते?