खरे डाग, खोटे डाग

शिवबाईंना त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, चेहरा वॉल हँगिंगवर विणून हवा होता. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि मंद्रूपहून त्यांनी घरातला एकुलता एक फोटो पीडीएफ करून पाठवला होता. शुक्रवार पेठेतल्या खोलीत बसून मी मागासाठी अशा नक्ष्या काढते. एरवी हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

पण फाइल उघडली, तर चेहऱ्यावर ठिगळंच ठिगळं! कपाळावर हिरवट, हनुवटीवर जांभळट, गालावर आणि ओठाजवळ पांढरट. आदल्याच दिवशी आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या आशिषने पडद्यावरचं चित्र सांभाळणारा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला होता. त्याला फोन लावला.

"ताई, रंग सोळा बिटवर गेलेत. जवळजवळच्या छटा मशीन एकात ढकलतंय. बत्तीस करा की."

बत्तीस केले, तर पीडीएफ बघायचं सॉफ्टवेअर उघडेचना. परत सोळा केले, की उघडायचं, ठिगळांसकट.

"त्या जुन्या सॉफ्टवेअरचं आणि ड्रायव्हरचं पटत नाही बघा," आशिष म्हणाला.

"मग मी काय दोघांची समजूत घालत बसू?" मी फोन ठेवूनच दिला.

मोबाइलवर पाहिलं. कपाळ, हनुवटी स्वच्छ; गालावर आणि ओठाजवळ मात्र पांढरट डाग तसेच. आता कुणाचं खरं मानायचं? शेवटी ठरवलं, डाग म्हणजे बिघाड; काही मशीनचे, काही जुन्या फोटोचे. फोटो नक्षीच्या प्रोग्रॅममध्ये घेतला, एकूण एक डाग पुसला आणि सगळीकडे गव्हाळ छटा भरली. चेहरा कसा नवरदेवासारखा झाला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी शिवबाई नक्षी पसंत करायला आल्या. स्क्रीनपुढे बसल्या, पदराने डोळे पुसून पुन्हा बघितलं. मला वाटलं, भरून आलं असेल.

"ह्ये कोण वो बाई?"

"असं काय करता? तुमचे मालकच की."

"न्हाय. त्येंच्या तोंडावर कोड हुतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुपचूप मूळ फाइल उघडली. "यातले काही डाग कॉम्प्युटरने पाडलेत, शिवबाई. खरे कुठले, मला खरंच कळत नाहीये."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. पदराला बोट पुसून स्क्रीनला लावलं. "ह्यो न्हाय. ह्यो बी न्हाय." कपाळ सुटलं, हनुवटी सुटली. बोट गालावर आलं आणि तिथंच राहिलं.

"ह्यो हाय. आन् ओठाजवळचा ह्यो. ह्येला धागा येगळा घाला, पांढरा."

मी मान डोलावली. शिवबाईंचं बोट अजून गालावरच होतं.

"गावात हिंडताना त्ये उपरण्यानं झाकायचे," त्या म्हणाल्या. "घरात आले की मी काढून ठिवायची. तुमी नगा झाकू."