भिंतीवरचे हातमोजे

कारखान्यात त्याला सगळे पेंटर म्हणत. यंत्रांवर नंबर टाकायचे, धोक्याच्या पाट्या लिहायच्या, हे त्याचं रोजचं काम. पण बारा वर्षांपूर्वी जुन्या मालकांनी हौसेने कॅन्टीनची लांबलचक भिंत त्याच्या स्वाधीन केली होती आणि तिच्यावर त्याने कामावरची चाळीस माणसं हुबेहूब उतरवली होती. घामेजलेली, उघड्या डोक्यांची, उघड्या हातांची. जेवताना माणसं स्वतःकडे बोट दाखवून हसायची. "माझं पोट तेवढं जरा आत घे की रे!" चित्रात पत्रा दाबायच्या प्रेसवर वाकलेले होते त्याचे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान.

त्याच प्रेसमध्ये भावोजींचा उजवा हात चिरडला. जखम चिघळली, विष अंगभर पसरलं आणि आठव्या दिवशी ते गेले.

लगेच मॅनेजरसाहेबांनी पेंटरला बोलावलं. "सोमवारी चौकशीचे लोक येतायत. चित्र जरा नीट कर. सगळ्यांच्या हातांत मोजे, डोक्यावर टोप्या."

"साहेब, मोजे कधी मिळालेच नाहीत."

"म्हणून तर रंगवायचेत."

पेंटरची राहती खोली कारखान्याची होती. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. रंगच तर आहे, असं मनाला समजावत त्याने दोन दिवसांत ऐंशी हातमोजे रंगवले. भावोजींचा हात त्याने सगळ्यांत शेवटी घेतला, तोही नजर दुसरीकडे ठेवून.

चौकशीचे तिघं आले, कॅन्टीनमध्येच जेवले, भिंतीचे फोटो काढून गेले. महिन्याने अहवाल आला. कारखान्यात सुरक्षेची साधनं वर्षानुवर्षं वापरात आहेत, कॅन्टीनमधलं जुनं चित्रही तेच दाखवतं. मयताने निष्काळजीपणे मोजे घातले नाहीत.

ताईने तो कागद त्याच्यापुढे धरला. "हे मोजे कुणी रंगवले?"

तो कागदाची घडी घालू लागला.

"अरे, त्यांच्या हाताला घट्टे होते. रोज रात्री तेल चोळायचे मी. तुला ठाऊक नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी पेंटर चौकशीच्या कचेरीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. "तेव्हा खोटं रंगवलंत, की आता खोटं बोलताय? ठरवून या."

तिथून तो थेट कॅन्टीनमध्ये आला. जेवणाची सुटी होती. रंग काढायची लोखंडी पट्टी घेऊन तो भिंतीवरचे भावोजींचे मोजे खरवडू लागला. नवा रंग जुन्यात मुरला होता. मोज्याबरोबर हातही पापुद्रे होऊन गळू लागला. खाली नुसती भिंत उरली. माणसं घास हातात धरून बघत राहिली. जागचं कुणी उठलं नाही. फक्त एक म्हातारा फिटर म्हणाला, "पेंटर, माझेही काढ." तेवढ्यात पहारेकऱ्यांनी येऊन त्याला धरलं.

त्याची नोकरी गेली, खोली गेली. आठवड्याभरात त्या भिंतीला पांढरा चुना लागला.

आता तो बाजारात हातगाड्यांवर नावं रंगवतो. ताईला पोटासाठी त्याच कारखान्यात जावं लागलं, पॅकिंगमध्ये. एकदा रस्त्यात दोघं समोरासमोर आली. त्याने खालमानेने विचारलं, "ताई, मोजे देतात का गं?"

"नाही," ती म्हणाली आणि भोंगा झाला म्हणून भराभर निघून गेली.