सदतीसचा शिक्का

शाळेतून आल्यावर वजीहाबाईंनी बूट काढले, तेव्हा डाव्या मोज्यावर रक्ताचा डाग होता. दुखलं मात्र काहीच नव्हतं. डाग पाहून नवरा सब्री जेवता जेवता उठला.

"तुला साखर आहे. तुझ्या आईचा पाय कसा गेला, विसरलीस? आधी दवाखाना, मग माझ्या चुलतभावाकडे, अबू रुश्दीकडे बूट."

दवाखान्यात मलमपट्टी झाली. डॉक्टरीणही बूट बदला म्हणाली. पण 'चुलतभाऊ' ऐकल्यापासून वजीहाबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. बाहेरचे स्वस्त बूट आल्यापासून खलील शहरातल्या बुटांच्या गल्लीतले कारखाने एकेक करून बंद पडत होते. अबू रुश्दीच्या माळ्यावरही न खपलेला माल असणारच!

दुकानात अबू रुश्दीने त्यांना कागदावर उभं केलं आणि पावलाभोवती पेन्सिल फिरवली.

"मोजायचं कशाला? लग्नापासून सदतीस नंबर घालते मी."

"लग्नाला किती वर्षं झाली, उम्म खलदून?" खलदूनची आई, अशी मुलाच्या नावाने हाक मारत त्याने विचारलं.

"एकतीस."

"सब्रीचा पट्टा अजून त्याच भोकात बसतो का हो?"

वजीहाबाई हसल्या नाहीत. त्याने आणलेला जोड पायात घालून म्हणाल्या, "ढगळ आहे. मोठा माल माझ्या गळ्यात मारताय." त्यांनी बूट उलटा केला, तर तळव्यावर शिक्का सदतीसचा! जुना बूट शेजारी धरला, तर नवा बोटाच्या रुंदीएवढा जास्त लांब.

"दोन्ही सदतीस, मग हा लांब कसा? पकडलं की नाही?"

"पकडलंत. एकोणचाळीस आहे तो." अबू रुश्दी खाली बसला. "अडतीसच्या वर आकडा दिसला की इथल्या बायका बूट खाली ठेवतात. दाराबाहेर बूट काढले की सासू-नणंदा उलटून आकडा वाचणार आणि म्हणणार, 'पाय आहेत की नांगर!' तुम्ही आकडा मागता, मी आकडा विकतो."

वजीहाबाईंनी हातातला बूट हळूच सुलटा केला. मुलाच्या साखरपुड्याच्या दिवशी सुनेचा बूट त्यांनीच उलटला होता. 'नांगर' हा शब्दही त्यांचाच. तेव्हापासून ती पोर लहान बुटांत पाय कोंबून लंगडतच चालायची.

तरी संशय जाईना. "खोटा शिक्का मारणाऱ्याच्या शब्दावर विश्वास कसा ठेवू?"

"माझ्यावर नकोच. कागदावर ठेवा."

त्याने डाव्या पावलाची आकृती कापून त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती जुन्या बुटात सरकवली. दोन्ही कडा दुमडून वर आल्या, आणि डावीकडची तर नेमकी जखमेच्या जागी! नव्या बुटात तोच कागद सपाट बसला, पुढे अंगठ्याएवढी जागा सोडून.

"मग जुनाच मला बरोबर का वाटतो?"

"साखरेनं पायाची जाणीव बोथट होते. करकचून आवळल्याशिवाय बूट घातलाय हेच कळत नाही." त्याचा आवाज उतरला. "माझ्या बायकोचं असंच झालं. दोन बोटं कापावी लागली, चांभाराच्या घरात! तिला मोठ्या बुटावर सदतीसचा शिक्का मीच मारून दिला होता. पण तो ढगळ वाटतो म्हणून तिने खराखुरा सदतीस मागितला, तेव्हा नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही."

"या अल्लाह!" वजीहाबाई म्हणाल्या. मग नवा बूट त्याच्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "हा शिक्का पुसता येतो?"

"येतो. पण लोक वाचतील."

"वाचू देत! मोठ्ठा एकोणचाळीस मारा. आणि उद्या दुपारी सुनेला घेऊन येते. तिच्या पायांना 'नांगर' म्हणणारी मीच. तिचे पाय कागदावर उतरवा, आणि तिच्यादेखत मला दोन शब्द सुनावा."

"मी कशाला? तुम्हीच माफी मागा की." त्याने शिक्क्यांचा डबा ओढला. "मीही आजपासून खरे आकडे मारीन. गिऱ्हाईक गेलं तर गेलं."

वाचकहो, दुकानदाराचा संशय खुशाल घ्या. पण जी लाज माणसाला स्वतःचं अंग कापायला लावते, तिचाही एकदा संशय घ्या. ती लाज आपणच एकमेकांच्या दारात उभं राहून पेरतो. आणि पाऊल मोजायला तर घरात एक कागद आणि एक पेन्सिल पुरते!