पातेल्यातले देव आणि लंडनचं विमान

तीस वर्षं अंबरनाथच्या केमिकल कंपनीत शिफ्टा लावल्यात मी. वेळेचा हिशोब मला कुणी शिकवू नये. फ्रिजवर चिकटवलेलं तिकीट मी चांगलं दोनदा वाचलं होतं. मुंबईहून सुटणार सकाळी सातला, लंडनला पोचणार बाराला. म्हणजे पाच तास. अंतर सात हजार दोनशे किलोमीटर, म्हणजे ताशी चौदाशे चाळीस. जरा जास्तच वाटलं, पण म्हटलं विमान आहे, जात असेल.

बायकोला, मालिनीला, विचारता आलं असतं. पण या विषयावर मी घरात महिनाभर बोलत नव्हतो. आमची राजसी शिकायला एवढ्या लांब जायचं म्हणाली तेव्हा माझं डोकंच फिरलं. "जा, पण पोचल्यावर मला फोन करायची गरज नाही," असं तिला तोंडावर बोललो. विमानतळावर सोडायलाही मालिनी एकटीच गेली. परत कात्रपला घरी आली, चहा प्यायली आणि जी आडवी झाली ती घोरायलाच लागली.

बारा वाजले. साडेबाराला मी राजसीला फोन लावला. बंद. एकला बंद, दीडलाही बंद.

समोरचे कमळाकर जिन्यात भेटले. त्यांना सांगितलं. "दीड तास लेट? हवा खराब असली की भलतीकडेच उतरवतात हो," म्हणाले आणि दूध आणायला खाली गेले. धीर देता येत नसेल तर माणसाने निदान गप्प बसावं!

दोनलाही फोन बंदच. मालिनीला उठवायचा धीर होईना. काय सांगणार, पोरगी कुठे आहे माहीत नाही? देवघराकडे मी दिवाळीखेरीज फिरकत नाही. पण अडीअडचणीला माझी आई देव पाण्यात घालून ठेवायची, संकट टळेपर्यंत. मी डाळीच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती एकेक करून आत सोडले. "पोरीला सुखरूप उतरवा, मगच बाहेर काढतो," असा दमही भरला. मग तिथेच ओट्याला टेकून रडलो.

चारला मालिनी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि किंचाळली. "अहो! माझ्या पातेल्यात देव कुणी घातले?"

मी कसंबसं सांगितलं. बाराला उतरायचं विमान, चार वाजले, फोन बंद.

तिने कपाळावर हात मारला. "अहो, ते बारा तिथले! आपल्याकडे तेव्हा साडेचार वाजतात. साडेनऊ तास लागतात विमानाला. जेवताना तीनदा बोलले मी."

"मी ऐकत नव्हतो."

"ते दिसतंयच."

पावणेपाचला माझा फोन वाजला.

"बाबा, उतरले मी," राजसी म्हणाली. "फोन चालू केला तर तुमचे सदतीस मिसकॉल! फोन करू नको म्हणाला होतात ना?"

"चुकून लागले."

"सदतीस वेळा?"

मी बाहीने डोळे पुसले. नाक ओढल्याचा आवाज तिकडे गेला असावा, कारण तीही रडायला लागली.

मालिनीने पातेल्यात हात घातला. "काढू ना आता यांना बाहेर? गारठले असतील बिचारे."

"थांब गं," मी म्हटलं. "आधी होस्टेलवर पोचू दे तिला."